गरोदरपणातलं लघवीचं इन्फेक्शन : जळजळ नसली तरी तपासणी का लागते?

पाचवा महिना सुरू आहे. सोनोग्राफी छान आली, वजनही नीट वाढतंय. फक्त लघवीच्या रिपोर्टवर एका ओळीपुढे लिहिलंय : पस सेल्स ८-१०. रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. सासूबाई म्हणतात, "उष्णता झाली असेल, धन्याचं पाणी दे." मावसबहीण म्हणते, "मलाही होतं, काही होत नाही त्याने." आणि कुणीतरी एक पोस्ट पुढे ढकलतं : लघवीच्या इन्फेक्शनमुळे बाळ सातव्या महिन्यातच जन्माला येतं. मग रात्रभर झोप नाही.

या तिन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं आहे. पाणी कमी पडलेलं असू शकतं. बहुतेकींना पुढे काही होत नाही, हेही खरं. आणि लघवीच्या संसर्गाचा वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीशी संबंध आहे, हेसुद्धा खरं. पण तो संबंध कोणत्या संसर्गाचा, किती पक्का आणि आपण नेमकं काय करायचं, हे त्या ग्रुपवर कुणी सांगत नाही. ते इथे पाहू.

संसर्ग एकच नाही, तीन पायऱ्या आहेत

बाईच्या शरीरात लघवी बाहेर येण्याची नळी जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते आणि तिचं तोंड गुदद्वारापासून फार दूर नसतं. त्यामुळे आतड्यात राहणारे जंतू, त्यातही बहुतेक वेळा ई. कोलाय, या नळीतून मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. यात अस्वच्छतेचा दोष शोधायचं कारण नाही. शरीराची रचनाच तशी आहे.

जंतू मूत्राशयात आहेत पण त्रास काहीच नाही, ही पहिली पायरी. जळजळ नाही, ताप नाही, बाईला पत्ताही नाही. गरोदर स्त्रियांपैकी साधारण २ ते १० टक्के जणींमध्ये हे सापडतं. मूत्राशयाला सूज येते ती दुसरी पायरी : लघवीला जळजळ, घाईची लागणं, ओटीपोटात दुखणं, कधी लघवीत रक्त. जंतू वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेले की तिसरी : थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, मळमळ, उलट्या. तिसरी पायरी हा खरा गंभीर आजार आहे आणि गरोदरपणात त्यासाठी सहसा दवाखान्यात भरती करून शिरेतून औषध द्यावं लागतं.

एक घोळ लक्षात घ्या. वारंवार लघवीला जावं लागणं हे गरोदरपणात तसंही असतंच. पाठही दुखतेच. त्यामुळे ही लक्षणं "या दिवसांत व्हायचंच" म्हणून सोडून दिली जातात. जळजळ आणि ताप मात्र या दिवसांतले नेहमीचे नाहीत.

पोटात बाळ असताना जंतू वर का चढतात?

एरवी, गरोदर नसलेल्या तरुण बाईच्या लघवीत त्रास न देणारे जंतू सापडले तर डॉक्टर बहुधा औषधच देत नाहीत. मग गरोदरपणात का देतात?

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या दोन नळ्या असतात. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गरोदरपणात त्या सैल पडतात आणि लघवी पुढे ढकलण्याचा त्यांचा जोर कमी होतो. वाढती गर्भपिशवी त्यांना दाबते. पिशवी सहसा थोडी उजवीकडे कललेली असते, म्हणून उजवी नळी जास्त दाबली जाते आणि जास्त फुगते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये उजव्या मूत्रपिंडाला "थोडी सूज" लिहिलेली दिसते ती बहुतेक वेळा यामुळेच. तुंबलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसं रेंगाळलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि सैल पडलेल्या नळीतून त्यांना वर जाणं सोपं होतं. मूत्रपिंडाचा संसर्ग जास्त करून चौथ्या महिन्यानंतर आणि उजव्या बाजूला होतो तो याच कारणाने. मधुमेह असेल, मूतखडा असेल किंवा आधी असे संसर्ग झालेले असतील, तर धोका आणखी वाढतो.

वेळेआधी प्रसूती : नातं किती पक्कं?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्मलं तर ती मुदतपूर्व प्रसूती. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली आणि त्यांपैकी जवळपास ३० लाख एकट्या भारतात. म्हणजे जगातलं दर पाचवं मुदतपूर्व बाळ आपल्या देशातलं. कारणं अनेक आहेत : जुळी बाळं, वाढलेला रक्तदाब, गर्भाशयमुखाचं लवकर उघडणं, पाणी फुटणं, वेगवेगळे संसर्ग. कितीतरी वेळा कारण सापडतच नाही. लघवीचा संसर्ग हे त्यांतलं एक कारण. ते वेगळं यासाठी की ते एका साध्या तपासणीत सापडतं आणि काही दिवसांच्या गोळ्यांनी बरं होतं.

संसर्गामुळे कळा का सुरू होतात? शरीर जंतूंशी लढताना दाह निर्माण करतं. त्या दाहातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावतं आणि त्याचं मुख मऊ होतं त्यातही याच द्रव्यांचा हात असतो. ठरलेल्या वेळेच्या दोन महिने आधी शरीरात त्यांचा पूर आला, तर कळाही दोन महिने आधी येऊ शकतात. मूत्रपिंडाच्या संसर्गात हे जास्त घडतं, कारण तिथे दाह साऱ्या शरीरभर पसरतो. सोबत ताप आणि उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं ते वेगळंच.

आता आकडे बघू, कारण सोशल मीडियावरच्या पोस्ट इथेच घाबरवतात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेने १९९३ ते २०१० या काळातल्या साडेपाच लाखांवर बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण १०.३ टक्के होतं आणि न झालेल्यांमध्ये ७.९ टक्के. धोका वाढला हे नक्की. पण हेही वाचा : संसर्ग होऊनही शंभरातल्या जवळपास नव्वद जणींचं बाळ वेळेवरच आलं. तिथे उपचार वेळेवर मिळतात, ही गोष्ट या आकड्यामागे अर्थातच आहे.

त्रास न देणाऱ्या जंतूंची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १९५०च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कॅस या डॉक्टरांनी लघवीतले जंतू मोजायची पद्धत बसवली. एक मिलिलिटर लघवीत एक लाख किंवा जास्त जंतू असतील तर तो खरा संसर्ग, ही आजही रिपोर्टवर दिसणारी रेघ त्यांची. गरोदर स्त्रियांचा अभ्यास करून त्यांनी मांडलं की हे गुपचूप जंतू शोधून मारले तर मूत्रपिंडाचा संसर्ग टळतो आणि वेळेआधीच्या प्रसूतीही कमी होतात. जुन्या अभ्यासांत उपचार न मिळालेल्या स्त्रियांपैकी २० ते ३५ टक्के जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झालेला दिसतो. हा आकडा तुम्हाला इंटरनेटवर सगळीकडे भेटेल.

पण २०१५ साली नेदरलँड्समधून वेगळं चित्र आलं. तिथे सरसकट अशी तपासणी करत नसत, त्यामुळे हा अभ्यास शक्य झाला. एकच बाळ असलेल्या, इतर कुठलाही धोका नसलेल्या चार हजारांवर स्त्रियांची लघवी त्यांनी १६ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान तपासली. जंतू असून औषध न मिळालेल्या २०८ जणींपैकी फक्त पाच जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग झाला, म्हणजे २.४ टक्के. जंतू नसलेल्यांमध्ये ते प्रमाण ०.६ टक्के होतं. धोका चौपट, पण एकूणात लहान. आणि ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याशी या जंतूंचा संबंध त्यांना दिसला नाही.

मग तपासणी बंदच करायची का? नाही, आणि माझ्या मते ती चूकच ठरेल. त्या अभ्यासात मधुमेह असलेल्या किंवा आधी मुदतपूर्व प्रसूती झालेल्या स्त्रिया घेतल्याच नव्हत्या. आणि ताप आल्याबरोबर डॉक्टरांपर्यंत पोचणारी डच बाई आणि बाजारच्या दिवसाखेरीज तालुक्याला न जाणारी आपल्याकडची बाई यांच्यात फरक आहे. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. औषधाने मूत्रपिंडाचा संसर्ग कमी होतो असं दिसलं. मुदतपूर्व प्रसूतीही कमी झालेल्या दिसल्या, पण तो निष्कर्ष जेमतेम तीन अभ्यासांवर आणि सव्वातीनशेच्या आसपास स्त्रियांवर उभा होता, म्हणून पुराव्याचा दर्जा कमी धरला गेला. जागतिक आरोग्य संघटना आजही सांगते की गरोदर स्त्रीच्या लघवीत जंतू सापडले तर त्रास नसला तरी सात दिवस प्रतिजैविक द्यावं. अमेरिकेतला तज्ज्ञगटही पहिल्याच भेटीत किंवा १२ ते १६ आठवड्यांत लघवीचं कल्चर करायला सांगतो.

थोडक्यात, पुरावा आहे तो मुख्यतः मूत्रपिंडाचा संसर्ग टाळण्याचा. वेळेआधीची प्रसूती त्यामुळे काही प्रमाणात टळू शकते.

"लघवी तपासली" म्हणजे नेमकं काय तपासलं?

इथे सर्वात जास्त गैरसमज आहे. उपकेंद्रात किंवा दवाखान्यात दर भेटीला लघवीत पट्टी बुडवून बघतात, ती बहुतेक वेळा प्रथिनं आणि साखर यांसाठी. प्रथिनं रक्तदाबाच्या त्रासाची खूण देतात आणि साखर मधुमेहाची. दोन्ही अत्यंत गरजेचं. पण त्यात जंतूंचा शोध नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीतही लघवीत हेच दोन पाहिले जातात. त्यामुळे "माझी लघवी दर महिन्याला तपासतात" असं म्हणणाऱ्या बाईचं कल्चर एकदाही झालेलं नसू शकतं.

दुसरी तपासणी लॅबमधली, जिला सगळे "युरिन रूटीन" म्हणतात. सुरुवातीला आलेल्या पस सेल्स यातल्या. या पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी पाचांपर्यंत दिसल्या तर सहसा ठीक मानतात. जास्त दिसल्या तर संसर्गाची शंका येते, शंकाच फक्त. गरोदरपणात अंगावरून पांढरं जाणं वाढतं आणि ते नमुन्यात मिसळलं तरी पस सेल्स वाढतात. उलट, पस सेल्स नसूनही जंतू असू शकतात. म्हणून नुसत्या "८-१०" वर घाबरून जाऊ नका आणि तेवढ्यावर मेडिकलमधून गोळ्याही आणू नका.

खरं उत्तर देते ती तिसरी : "युरिन कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी". लघवीचा थेंब पोषक थरावर ठेवून जंतू वाढतात का पाहायचं, वाढले तर कोणते, किती, आणि कोणतं औषध त्यांना मारतं हे तपासायचं. याला दोन-तीन दिवस लागतात. "नो ग्रोथ" म्हणजे जंतू नाहीत. बऱ्याच जातींचे जंतू मिसळलेले दिसले तर नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळले असं समजून तपासणी पुन्हा करतात. गट-ब स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आला असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा आणि बाळंतपणाच्या वेळी आठवणीने दाखवा. तेव्हा त्रास नसला तरी प्रसूतीच्या कळांदरम्यान बाळासाठी औषध द्यावं लागतं.

नमुना नीट घेतला नाही तर सगळी मेहनत वाया. हात धुवा. जागा साध्या पाण्याने धुऊन पुढून मागे पुसा. एका हाताने बाजूचे ओठ दूर धरा, सुरुवातीची लघवी सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या, उरलेली पुन्हा सोडा. डबीच्या आत बोट लावू नका. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. डबी तासा-दोन तासांत लॅबला पोचली पाहिजे, नाहीतर मधल्या वेळात डबीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. गोळी पोटात गेल्यावर दिलेलं कल्चर "नो ग्रोथ" आलं तर त्याचा भरवसा नाही.

आपल्याकडे प्रत्येकीचं कल्चर होत नाही. खासगी दवाखान्यात जात असाल तर पहिल्या तिमाहीत सरळ विचारा : "माझं युरिन कल्चर झालंय का?" सरकारी सेवा घेत असाल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात नसली तरी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये ही सोय सहसा असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थांत गरोदर स्त्रीच्या गरजेच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत.

औषध घेतलं तर बाळाला अपाय होईल का?

ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे कित्येक जणी दोन दिवसांत जळजळ थांबली की गोळ्या बंद करतात. अर्धवट औषधाने उरलेले जंतू पुन्हा वाढतात. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत आणि वर्षानुवर्षं वापरली जातायत : सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन, पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची फॉस्फोमायसिनची पुडी. नायट्रोफ्युरँटॉइनही देतात, पण शेवटच्या दिवसांत टाळतात आणि पहिल्या तिमाहीत दुसरा पर्याय असेल तर तो निवडतात. या गोळीने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याने दचकू नका. शिवाय ती मूत्राशयापुरती काम करते. मूत्रपिंडाच्या संसर्गाला तिचा उपयोग नाही.

जे टाळायचं ते नेमकं मेडिकलवर सहज मिळतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन यांसारख्या गोळ्या "लघवीच्या गोळ्या" म्हणून घरोघरी ठाऊक आहेत. गरोदरपणात त्या सहसा देत नाहीत. डॉक्सीसायक्लिनही नाही. पहिल्या तीन महिन्यांत ट्रायमेथोप्रिम असलेलं औषध टाळतात, कारण ते फोलिक अॅसिडच्या कामात अडथळा आणतं. नवऱ्याने दुकानात जाऊन "बायकोला लघवीला जळजळ होते, काहीतरी द्या" असं म्हणण्यात धोका आहे तो हा. निदान ती गरोदर आहे हे तरी सांगितलंच पाहिजे. आणि आपल्याकडचे ई. कोलाय अनेक नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून मागच्या वेळची चिठ्ठी पुन्हा चालवण्यातही अर्थ नाही.

गोळ्या संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करायला सांगितलं तर कंटाळा करू नका. बऱ्याच जणींमध्ये जंतू पुन्हा सापडतात.

धन्याचं पाणी, जवाचं पाणी, शहाळं, वाळ्याचं पाणी यांना माझी हरकत नाही. पाणी पोटात जातं, लघवी पातळ होते, जळजळ थोडी कमी वाटते. मात्र मधुमेह असेल तर गोड सरबतं नकोत. जळजळीसाठी मिळणारं पातळ औषध लघवीची आम्लता कमी करून आराम देतं, जंतू मारत नाही. आराम पडला म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते, ही त्याची अडचण.

पाणी प्यायचं कुठल्या भरवशावर?

"भरपूर पाणी प्या, लघवी रोखू नका" हा सल्ला प्रत्येक लेखात असतो. तो पाळता येईल अशी जागा प्रत्येकीकडे नसते. एसटीने रोज दोन तास प्रवास करणारी शिक्षिका, बाजारात बसणारी भाजीवाली, फडावर पहाटेपासून ऊस तोडणारी बाई या पाणी कमी पितात, कारण प्यायल्या तर जायचं कुठे? मुंबईत २०११पासून "राइट टू पी" या चळवळीने बायकांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांची मागणी लावून धरली ती याच प्रश्नावरून. ओडिशातल्या ग्रामीण भागातल्या सहाशेहून अधिक गर्भवतींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उघड्यावर शौचाला जावं लागणाऱ्या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचा धोका सुमारे दुपटीने जास्त आढळला. गरिबी, शिक्षण यांचा हिशोब धरूनही तो फरक उरला. यात लघवीच्या संसर्गाचा वाटा किती, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. पण घरातल्या लोकांना एवढं कळायला हरकत नाही की प्रवासात गाडी थांबव म्हणणारी गरोदर बाई नखरे करत नसते.

शक्य तिथे दोन-तीन तासांनी जा, संबंधानंतर लघवी करून घ्या, पुढून मागे धुवा. सुगंधी वॉश, डेटॉलचं पाणी आत वापरू नका.

कधी थांबायचं नाही?

थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांखाली दुखणं, औषध पोटात न टिकण्याइतक्या उलट्या, लघवीत रक्त. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. नुसती क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका.

३७ आठवड्यांच्या आत पोट ठरावीक वेळाने दगडासारखं घट्ट होऊ लागलं, पाळीसारखं ओटीपोट किंवा कंबर दुखू लागली, खाली भार वाटू लागला, पाणी किंवा रक्त गेलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच निघा. लघवी सुटली की पाणी फुटलं हे कळत नसेल तरी निघा, ते तिथे तपासून सांगतात. लवकर पोचल्याचा मोठा फायदा असा की ३४ आठवड्यांच्या आतल्या प्रसूतीची चिन्हं असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात, आणि त्यांचा गुण यायला काही तास लागतात. महाराष्ट्रात गर्भवतींसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. निघताना फाइलसोबत लघवीचे जुने रिपोर्ट घ्या, आणि आधी कोणती अँटिबायोटिक घेतली ते रिकाम्या पाकिटासकट दाखवा.